भार वाटून घेतलेली गाडी

जतन हा शब्द आपण वारकरी मंडळी फार सहज उच्चारतो. गाथा जतन झाली, वारी जतन झाली, फडांच्या परंपरा जतन झाल्या. पण हे जतन कोणी केले आणि कसे केले, असे कोणी विचारले तर उत्तर द्यायला क्षणभर थांबावे लागते. राजाच्या खजिन्याने केले म्हणावे, तर राज्ये आली आणि गेली. एखाद्या थोर पुरुषाने एकट्याने केले म्हणावे, तर माणसाचे आयुष्य ते केवढे? खरे उत्तर असे आहे की पुष्कळ माणसांनी थोडे थोडे केले, पाळीपाळीने केले आणि त्याचे मोल मागितले नाही. सप्ताहातल्या पहाऱ्याची वीणा आठवा. एकाची वेळ भरली की दुसरा पुढे येतो, नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. सात दिवस वीणा जमिनीला लागत नाही, आणि कोणा एकाला सात दिवस जागावेही लागत नाही.

हीच रीत दूरच्या एका देशात, अगदी निराळ्या वस्तूसाठी, कशी फळाला आली याचा इतिहास सज्जनांपुढे ठेवायचा आहे. वस्तू म्हणजे एक छोटी आगगाडी. देवाधर्माच्या अंकात आगगाडी कशाला, असे वाटेल. पण ही कथा शेवटी पंढरीलाच येऊन पोचते, म्हणून थोडा धीर धरावा ही विनंती.

माझी मुलगी इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी असते. तिच्याकडे मुक्कामाला असताना जावईबापूंनी वेल्स प्रांत दाखवायला नेले. वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. त्यांची भाषा इंग्रजीहून वेगळी, जुनी, आणि तिचा त्यांना अभिमान. प्रार्थनामंदिरात सगळ्या मंडळींनी मिळून गाण्याची त्यांची मोठी परंपरा आहे. समुद्रकाठी टाउइन नावाचे लहान गाव आहे. तिथून डोंगरात साधारण पावणेबारा किलोमीटर जाणारी एक अरुंद रुळांची गाडी आहे. तिचे नाव टॅलिथ्लिन. त्यांच्या भाषेतला जोड 'ल' आपल्या जिभेला सहज वळत नाही, म्हणून कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले आहे. दोन रुळांमधले अंतर अवघे सव्वादोन फूट. आपली आजची मोठी गाडी साडेपाच फुटांची, यावरून कल्पना यावी.

ही गाडी यात्रेकरूंसाठी निघालेली नव्हती. डोंगरात ब्रिनेग्लुइस नावाची पाटीच्या दगडाची खाण होती. आपण लहानपणी ज्या पाटीवर 'श्रीगणेशा' गिरवला, तोच काळा दगड. तिकडे त्याच्या पातळ फरश्या काढून घरांची छपरे शाकारीत. १८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडात येईना. मँचेस्टरच्या गिरण्या अडचणीत आल्या. तेव्हा तिथल्या मॅककॉनेल या गिरणीवाल्या घराण्याने आपला पैसा या खाणीत घातला. त्याच युद्धामुळे आपल्या दख्खनच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला होता, हे इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. एकाच कारणाचे पाणी दोन पाटांनी वाहिले. एक पाट वेल्सच्या दगडाकडे गेला, दुसरा आपल्या काळ्या रानाकडे आला.

१८६५ साली या गाडीला पार्लमेंटची मंजुरी मिळाली. दोन इंजिने आली, एक १८६४ सालचे 'टॅलिथ्लिन', दुसरे १८६६ सालचे 'डॉलगॉख'. माणसांची ने-आण सुरू करण्यापूर्वी सरकारी तपासनीस आले. त्यांनी पाहिले तो पुलांच्या भिंती आणि डब्यांची बाजू यांत अंतर फार थोडे. दार उघडले तर माणूस भिंतीवर आपटायचा. पूल पाडून नवे बांधायला पैसा नव्हता. मग तोड निघाली ती अशी. डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद केली, आणि पुलाखालचे रूळ थोडे दुसऱ्या बाजूला सरकवले. आजही त्या गाडीत एकाच बाजूने चढता-उतरता येते. आपल्या लहान देवळाचे दार ठेंगणे असते आणि सगळे वाकून आत जातात, तशातलीच ही गोष्ट. दीडशे वर्षे लोक एकाच बाजूने चढत आहेत आणि कोणाचे काही अडलेले नाही.

१९११ साली खाण आणि गाडी दोन्ही हेन्री हेडन जोन्स या गृहस्थांनी विकत घेतली. हे पुढे सर हेडन झाले आणि १९१० पासून १९४५ पर्यंत त्या भागाचे पार्लमेंटातले प्रतिनिधी होते. त्यांच्याविषयी कळलेली एक गोष्ट मला फार आवडली. त्यांचे वडील शिक्षक होते, आणि प्रार्थनागीतांना चाली बांधणारे म्हणून नावाजलेले होते. मुलाचे नावही त्यांनी हेडन या थोर संगीतकारावरून ठेवले. त्या मुलानेही पुढे प्रार्थनागीतांचा एक संग्रह छापून काढला. म्हणजे चाली बांधणाऱ्याच्या घरातला माणूस गाडीचा मालक झाला. गाडी तोट्यात होती. खाणीत काम मिळाले तर गावातली माणसे जगतील, या विचाराने त्यांनी ती घेतली, आणि आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालेल असे ते सांगत. १९४६ च्या अखेरीस खाण ढासळली आणि बंद पडली. ओझे वाहायचे उरले नाही. तरी उन्हाळ्यात, आठवड्यातले काही दिवस, गाडी धावत राहिली. १९४८ साली ब्रिटनच्या सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या, त्या यादीत हिचे नाव नव्हते. १९५० च्या जुलैत सर हेडन वारले. दिलेला शब्द संपला.

आता इथून आपल्या कामाचा भाग सुरू होतो. मालक गेला, खाण गेली, सरकार घेत नाही, व्यापाऱ्याला नफा नाही. अशी वस्तू कोणाची? अशा वेळी टॉम रोल्ट नावाचे एक लेखक पुढे आले. ते पूर्वी यंत्राचे काम शिकलेले. बायकोसह कालव्यातल्या होडीत राहून त्यांनी जुन्या कालव्यांवर पुस्तक लिहिले होते, आणि ते कालवे वाचवण्याच्या चळवळीतही ते होते. त्यांनी बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली. ती ११ ऑक्टोबर १९५० ला भरली आणि तिथे मंडळ स्थापन झाले. वर्गणी काढून, आपल्या हातांनी काम करून ही गाडी आपण चालवावी, असे ठरले. जाणत्यांनी माना हलवल्या. हौशी माणसांनी रेल्वे चालवायची म्हणजे पोरखेळ, असेच बहुतेकांना वाटले. तोवर जगात असे कोणी केलेले नव्हते.

पण दोन गोष्टी जुळून आल्या. सर हेडन यांच्या पत्नीने आणि मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्यांनी गाडीचे भाग मंडळाच्या हाती सोपवले. आणि सर हेडन यांचे जुने व्यवस्थापक एडवर्ड थॉमस हे नव्या मंडळींबरोबर उभे राहिले. जुना जाणता माणूस रुसून बाजूला बसला नाही आणि नव्यांनी त्याला बाजूला सारले नाही. फडात काय किंवा संस्थेत काय, हे जमले की निम्मे काम झाले.

१४ मे १९५१ ला नव्या मंडळाची पहिली गाडी सुटली, तीही पहिल्या काही मैलांपुरतीच. त्या वेळी रुळांखालच्या लाकडी पट्ट्या कुजलेल्या होत्या, आणि रूळ जागेवर राहिले ते त्यांच्यावर वाढलेल्या गवतामुळे, असे तिथे सांगतात. दोन इंजिनांतले एक निकामी, दुसरे कसेबसे धावणारे. सगळा उन्हाळा एकट्या 'डॉलगॉख'वर काढायचा होता. जवळच कॉरिस नावाची तशीच सव्वादोन फुटी रेल्वे नुकतीच बंद पडली होती. तिची दोन इंजिने २५ पौंडांना एक याप्रमाणे विकत मिळाली. त्यांना नावे दिली ती मात्र गुंतवणूक करणाऱ्यांची नव्हेत. एकाचे नाव 'सर हेडन', दुसऱ्याचे 'एडवर्ड थॉमस'. ज्यांनी आधीची पाळी केली त्यांची नावे इंजिनांवर आली.

आज त्या रेल्वेवर काही थोडी पगारी माणसे आहेत. बाकी तिकीट देणारे, फाटक सांभाळणारे, रूळ बदलणारे, इंजिन चालवणारे, चहा देणारे असे शेकडो लोक स्वखुशीने येतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी कॉलेजात शिकणारी मुले. ती सभासदत्वाची वर्गणी भरतात, आपल्या खर्चाने प्रवास करून येतात, आणि वर काम करतात. आपला वारकरी दिंडीची भिशी भरतो आणि वर पाणी वाहतो, तंबू ठोकतो, भांडी घासतो, तोच हा प्रकार. जावईबापूंना याचे नवल वाटले. मला त्यात नवल वाटले नाही, ओळख पटली.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. सेवा म्हणजे वाटेल तसे करणे नव्हे. इंजिनावर जायचे तर आधी पुसायला शिकावे लागते. चिंध्या आणि तेल घेऊन पहाटे इंजिनाची चाके पुसायची. मग काही काळाने आगवाल्याचे काम, कोळसा कुठे आणि किती टाकायचा ते शिकायचे. परीक्षा द्यायची. पुष्कळ वर्षांनी चालकाची जागा. मी पाहिले तेव्हा सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी इंजिनाखाली वाकून राख काढत होती. चेहरा काळा झालेला. 'तू कधी चालवणार?' असे माझ्या मुलीने विचारले, तर ती म्हणाली, 'सांगतील तेव्हा.' मला आमचे आळंदीचे दिवस आठवले. जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आमचे शिक्षण झाले. तिथेही आधी माधुकरी, झाडलोट आणि पाठांतर. कीर्तनाला उभे राहायचे ते गुरुजी सांगतील तेव्हा. पगार नाही म्हणून शिस्त नाही, असे जिथे होते तिथे सेवा टिकत नाही. हैबतबाबांनी सोहळ्याला शिस्त घालून दिली, कोणती दिंडी रथापुढे, कोणती मागे, हे ठरले, म्हणून लाखोंची वाट निर्वेध चालते.

टाउइन स्टेशनलाच लागून अरुंद रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय आहे. ब्रिटनच्या खाणी, कारखाने, भट्ट्या यांतून जी छोटी इंजिने आणि डबे कामाला येत, ते तिथे मांडले आहेत. उभ्या बॉयलरचे, उतरंडीवरल्या रांजणासारखे दिसणारे एक इंजिन आहे. डब्लिनच्या प्रसिद्ध मद्याच्या कारखान्यातले एक इंजिनही आहे. माळकऱ्याने तिथे तोंड फिरवावे की हात जोडावेत, असा प्रश्न क्षणभर पडला. पण ओझे वाहणाऱ्याला दोष काय द्यायचा? त्याने आपले काम केले. दुसऱ्या एका कोपऱ्यात रेव्हरंड ऑड्री यांची लिहिण्याची खोली जशीच्या तशी मांडली आहे. हे ख्रिस्ती धर्मोपदेशक. 'थॉमस' या निळ्या इंजिनाच्या गोष्टी त्यांनी लिहिल्या, आपल्याकडचीही नातवंडे त्या पाहतात. १९५२ साली हे गृहस्थ या गाडीवर गार्ड म्हणून सेवेला आले होते. पुढे या रेल्वेवर घडलेल्या गमतीजमती त्यांनी आपल्या गोष्टींत घातल्या. प्रवचन करणारा माणूस हातात शिट्टी आणि निशाण घेऊन उभा राहिला, हे चित्र मला फार गोड वाटले.

संग्रहालयात माहिती सांगायला एक वृद्ध सेवेकरी होते, वयाने माझ्याएवढेच. अंगावर धोतर आणि गळ्यात तुळशीची माळ असलेला पाहुणा त्यांनी पाहिला आणि कुठून आलात असे विचारले. मुलीने सोलापूर जिल्हा सांगितला. ते त्यांना कळले नाही. मग मी आपण होऊन म्हणालो, 'बार्शी.' त्या नावासरशी ते गृहस्थ खुर्चीवरून उठलेच. 'बार्शी? कॅलथ्रॉपची बार्शी?' असे त्यांनी दोनदा विचारले. मग अर्धा तास ते बार्शी लाईट रेल्वेवर बोलत होते आणि मुलगी मला मराठीत सांगत होती.

त्यांनी सांगितले ते आपल्याकडच्या नोंदींशी जुळणारे आहे, म्हणून इथे देतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मोठी रेल्वे गेली होती बाहेरून. बार्शीचे स्टेशन म्हणून ज्याला 'बार्शी रोड' म्हणत ते म्हणजे आजचे कुर्डुवाडी. गाव आणि स्टेशन यांत २१ मैलांची बैलगाडीची वाट. कॅलथ्रॉपने अडीच फुटी रुळांची गाडी सुचवली. बरीच वर्षे खटपट केली, १८९५ साली लंडनात कंपनी काढली, आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली. १९०६ साली दुसरा फाटा कुर्डुवाडीहून मोडनिंब, आष्टीवरून पंढरपूरला आला. १९११ साली बार्शीकडचा फाटा लातूरला पोचला. १९२७ साली पंढरपूरहून पुढे मिरजेपर्यंत रूळ गेले. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरची ती रेल्वे झाली. १९५४ साली सरकारने ती घेतली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तिचे रुंद रुळांत रूपांतर झाले.

कॅलथ्रॉपचे नाव ही मंडळी एवढ्या आदराने का घेतात, तेही त्या गृहस्थांनी समजावले. हलके रूळ स्वस्त पडतात, पण त्यांच्यावर जड गाडी घातली तर ते वाकतात. जाड रूळ घालावेत तर खर्च परवडत नाही. कॅलथ्रॉपने नियम केला की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. इंजिन जड हवे असेल तर त्याला आस वाढवा. भार सगळ्यांवर सारखा वाटा. मग यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे रूळही मोठे ओझे वाहू शकतात. बार्शीच्या मार्गावर हे त्याने सिद्ध करून दाखवले, आणि मग इतर ठिकाणच्या छोट्या रेल्वेंनी त्यापासून धडे घेतले. इंग्लंडातच मॅनिफोल्ड नावाच्या खोऱ्यात त्याने १९०४ साली बार्शीसारखीच अडीच फुटी गाडी बांधली. ती १९३४ साली बंद पडली. रूळ उखडले, आणि त्या मार्गाची पायवाट झाली. आज लोक तिथून पायी चालतात. वारकऱ्याला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

सज्जनहो, हा पाच टनांचा नियम मी त्या दिवसापासून मनात घोळवतो आहे. बार्शीच्या गाडीत तो लोखंडाला लावलेला होता, टॅलिथ्लिनमध्ये तोच माणसांना लागू झाला. सर हेडन यांनी चाळीस वर्षे सगळा भार एकट्याच्या आसावर घेतला. ते गेले आणि गाडी थांबायची वेळ आली. मग तोच भार शेकडो माणसांवर वाटला गेला. कोणी वर्षातून पंधरा दिवस दिले, कोणी महिन्यातला एक रविवार. सत्तरांहून अधिक वर्षे झाली, गाडी चालू आहे. १९७६ साली तर त्यांनी जुन्या मालवाटेवरून प्रवासी गाडी पुढे नांत ग्वेर्नॉलपर्यंत नेली. जे मूळ मालकाच्या काळी झाले नव्हते ते सेवेकऱ्यांनी केले. त्यांचे पाहून ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक रेल्वे अशाच रीतीने पुन्हा उभ्या राहिल्या. वेल्समधलीच वेल्शपूलची गाडी १९६३ साली सेवेकऱ्यांनी पुन्हा सुरू केली, ती तर नेमक्या आपल्या बार्शीच्या मापाची, अडीच फुटी आहे.

इथे कोणी पूर्वपक्ष करील. महाराज, हा लोखंडाचा मोह झाला. देह नाशिवंत, तिथे इंजिनाची काय कथा? शंका योग्य आहे. त्याचे उत्तर त्या इंजिनांतच आहे. 'टॅलिथ्लिन' आणि 'डॉलगॉख' दोन्हींचे बॉयलर बदललेले आहेत, इतरही पुष्कळ भाग नवे आहेत. लोखंड जुने राहिलेले नाही. राहिली आहे ती चालवण्याची रीत, आणि ती एका हातातून दुसऱ्या हाती जाते आहे. त्यांनी गाडी नुसती काचेआड ठेवली असती तर ती पोथी कापडात बांधून माळ्यावर ठेवण्यासारखे झाले असते. त्यांनी तिचे पारायण चालू ठेवले. आणखी एक स्पष्ट सांगतो. पंढरपूरचे रूळ रुंद झाले ते चांगलेच झाले. दूरदूरच्या माउलींना आता गाडी न बदलता पंढरीला येता येते. जुनी गाडी परत आणा असा माझा हट्ट नाही.

पण त्या भेटीत पुढे जे झाले ते सांगायचे राहिले आहे. बार्शीच्या इंजिनांचे आस किती, ती लीड्स शहरातल्या कोणत्या कारखान्यात घडली, हे सगळे त्या वेल्श गृहस्थांना पाठ होते. बोलता बोलता ते थांबले आणि त्यांनी मला विचारले, 'आमच्याकडे तिच्या यंत्रांची माहिती पुष्कळ आहे. पण तिच्यात बसत कोण होते? पंढरपूरला एवढी माणसे कशाला जात? डब्यात बसून ती काय करीत?'

मी त्यांना सांगितले. आमच्या लहानपणी, १९५५-६० च्या काळात, वारी पायीच व्हायची. पण परतीला, पौर्णिमेचा काला झाला की कुर्डुवाडीपर्यंत ही गाडी. मोठे अंतर नाही, पन्नास-बावन्न किलोमीटर, पण अर्धा दिवस जाई. चढाला गाडी इतकी हळू होई की उतरून शेजारून चालावे आणि पुन्हा चढावे, अशी लोक थट्टा करीत. यात्रेच्या दिवसांत माणसे टपावरही बसत. डब्यात पाय ठेवायला जागा नसे, तरी टाळ काढायला जागा होई. रुळांच्या सांध्यावर चाक पडले की ठेका मिळे, आणि त्या ठेक्यावर भजन सुरू होई. माझी आजी मांडीवर तुळशीचे रोप घेऊन बसे, त्याला धुराचा त्रास नको म्हणून पदर धरी. मोडनिंबला गावकरी पाण्याचे तांबे घेऊन उभे असत. तिकीट कोणाचे आहे, कोणाचे नाही, हे सगळ्यांना ठाऊक असे, तपासनिसालाही. ज्यांना पाय नव्हते, ज्यांची पोरे कडेवर होती, जी दूर वऱ्हाडातून, मराठवाड्यातून आली होती, त्यांची वारी या गाडीमुळे घडली. मी टाळ्या वाजवून त्या चालीवर थोडा नामघोष करून दाखवला. त्या गृहस्थांनी काउंटरवर बोटांनी ठेका धरला. मग त्यांनी विचारले, 'हे कुठे लिहून ठेवले आहे का?'

हा प्रश्न माझ्यापुरता नाही, आपल्या सगळ्यांना उद्देशून आहे. बार्शी लाईटचे वजन, माप, मार्ग, साल यांची नोंद सात समुद्रांपलीकडे नीट ठेवलेली आहे. तिच्यात बसून पंढरीला गेलेल्या माणसांची नोंद मात्र आपल्यापाशी आहे, आणि ती बहुतेक तोंडीच आहे. त्या काळी ती गाडी वाफेवर धावताना ज्यांनी पाहिली ती माणसे आज माझ्या वयाची किंवा त्याहून मोठी आहेत. दर आषाढीला त्यांतली काही कमी होतात. संतांची वाणी आपल्यापर्यंत आली ती कोणी गाऊन, कोणी उतरवून ठेवली म्हणून. वारीच्या वाटेवरच्या साध्या माणसांची हकिगतही तेवढीच जपण्याजोगी आहे.

हे काम मोठे आहे, म्हणून ते एका आसावर घालू नये. एखादा विद्वान येईल आणि ग्रंथ लिहील, अशी वाट पाहत बसू नये. प्रत्येकाने आपल्या वाटणीचे पाच टन उचलावेत. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एवढेच विचारावे: कोणत्या साली बसलात, कुठे चढलात, बरोबर कोण होते, डब्यात काय घडले. ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, एक पान लिहून काढावे. फडाच्या आणि दिंडीच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या असतात. त्यांत कोणत्या वर्षी किती जणांचे रेल्वे भाडे दिले, याच्या नोंदी सापडतील, त्या पाहाव्यात. कुर्डुवाडीच्या कारखान्यात ज्यांच्या घरातल्या माणसांनी इंजिने दुरुस्त केली, त्यांच्याकडेही सांगण्यासारखे पुष्कळ असेल. एक प्रत घरात ठेवावी, एक मठात, एक गावच्या वाचनालयात. मुलांनी लिहावे, म्हाताऱ्यांनी सांगावे. पहारा असाच बदलतो.

निघताना त्या वेल्श सेवेकऱ्यांनी एक कोरी वही पुढे केली आणि पाहुण्यांनी काही लिहावे असे सुचवले. मी मोडीत आणि बाळबोधीत दोन्ही प्रकारे पांडुरंगाचे नाव लिहिले, त्याखाली 'बार्शी लाईट, पंढरपूर, १९०६' एवढेच. त्यांच्या नोंदीत आपल्या बाजूची एक ओळ जमा झाली. पुढची पाने भरण्याचे काम इथले आहे, आणि ते करायला हात पुष्कळ आहेत.

रामकृष्णहरी.